सव्वादोन वर्षांचा मुलगा, दिवसाला लिटरभर दूध आणि चार-चार दिवस अडकलेली शी

गोदाकाठची_आई

नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. माझा मुलगा दोन वर्षे चार महिन्यांचा आहे आणि त्याचे वजन १२ किलो आहे. दिवाळीपासून त्याला बद्धकोष्ठतेचा त्रास सुरू झाला आणि आता होळी जवळ आली तरी तो मिटलेला नाही. तीन-चार दिवस शी होत नाही. होते तेव्हा ती जाड, कोरडी, खड्यासारखी असते आणि त्या वेळचे त्याचे रडणे ऐकवत नाही. दोनदा डायपरला रक्ताचा पुसटसा डागही दिसला.

सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते त्याचे आधीचे वागणे. खेळता खेळता तो एकदम थांबतो, पडद्यामागे जातो, दिवाणाची कड दोन्ही हातांनी धरतो, टाचा उचलतो आणि पाय ताठ करतो. चेहरा लालबुंद होतो, कपाळावर घाम येतो. आम्ही सगळे भोवती जमून ‘कर बाळा, जोर कर’ म्हणत राहतो. दहा मिनिटांनी तो पुन्हा खेळायला लागतो आणि डायपर कोरडाच असतो.

खाण्याचे म्हणाल तर वरणभाताचे चार घास, एखादे बिस्किट आणि बाकी सगळे दूध. सासूबाईंचा त्याच्यावर फार जीव आहे; तो जेवला नाही तर उपाशी झोपेल या काळजीने त्या दर वेळी दूध पुढे करतात, आणि खरे सांगायचे तर कामावरून दमून आल्यावर मीही तेच करते. आमच्याकडे दुधाचा हिशेब स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहिलेला असतो. परवा मागची पाने चाळली तेव्हा लक्षात आले की सप्टेंबरमध्ये रोज दीड लिटर दूध येत होते, ते आता अडीच लिटर येते आणि घरातली माणसे मात्र तेवढीच आहेत. मग त्याचे फुलपात्र औषधाच्या मापाने मोजले. ते १८० मिलीचे भरले, आणि अशी पाच फुलपात्रे तो दिवसभरात पितो. दूध म्हशीचे, साय न काढलेले.

माझे प्रश्न असे आहेत. या वयात दूध नेमके किती द्यावे? पाणी वाढवले की हा त्रास जातो का? आणि डॉक्टरांनी पातळ औषध लिहून दिले आहे, पण त्याची सवय लागेल असे घरात सगळ्यांना वाटते, म्हणून बाटली अजून उघडलेली नाही. ती उघडावी का?

पिंपळपार

ताई, तुमच्या मुलाचे पडद्यामागचे वर्णन वाचले आणि माझ्या मोठ्या मुलीची आठवण आली, म्हणून लगेच लिहिते आहे. तो शी करण्यासाठी जोर करत नाही. तो शी रोखून धरतो आहे. टाचा उचलणे, पाय ताठ करणे किंवा एकमेकांवर घट्ट आवळणे, कोपऱ्यात जाऊन उभे राहणे, ही सगळी रोखण्याची लक्षणे आहेत. मूल शी करायला निघते तेव्हा ते पाय दुमडून खाली बसते, ताठ उभे राहत नाही. आम्हीही महिनाभर तुमच्यासारखेच भोवती जमून ‘जोर कर’ म्हणत होतो आणि ती बिचारी सगळ्यांसमोर आणखी घट्ट व्हायची.

एकदा दुखले की ते मुलाच्या मनात बसते. पुढच्या वेळी कळ आली की ते आवळून धरते. आत राहिलेल्या मळातले पाणी आतडे शोषून घेत राहते, मळ आणखी कोरडा आणि मोठा होतो, आणि शेवटी बाहेर येतो तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त दुखते. त्यामुळे नुसते खाणेपिणे बदलून आम्हाला गुण आला नाही. आधी दुखणे थांबवावे लागले, आणि ते औषधानेच थांबले. बाटली उघडा, असे मी तुम्हाला अगदी आग्रहाने सांगेन.

आहारतज्ज्ञ_नाशिकरोड

मी आहारशास्त्राचे काम करते. दुधाच्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देते, कारण ‘दूध कमी करा’ एवढेच सांगितले की घरात भांडण होते, आणि आकडा समोर ठेवला की आजीसुद्धा विचार करतात असा माझा अनुभव आहे.

एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ४०० ते ५०० मिली दूध पुरते, आणि या मापात दही, ताक, खीर यांत गेलेले दूधही धरायचे. आपल्याकडच्या २०२० च्या शिफारशींनुसार या वयात कॅल्शियमची गरज दिवसाला ५०० मिलीग्रॅम आहे. १०० मिली दुधात साधारण १२० मिलीग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे ४०० मिलीतच गरज जवळपास भागते. उरलेला थोडासा वाटा नागलीची (नाचणीची) पेज, तीळ किंवा पालेभाजी सहज भरून काढते.

आता तुमच्या ९०० मिलींकडे पाहू. सायीसकट म्हशीच्या दुधात १०० मिलीमागे शंभराहून थोडे जास्त उष्मांक असतात. पाच फुलपात्रांतून त्याला साडेनऊशेच्या आसपास उष्मांक मिळतात, आणि या वयाच्या मुलाची पूर्ण दिवसाची गरज हजाराच्या आसपास असते. मूल जेवत नाही म्हणून त्याला दूध द्यावे लागते असे तुम्हाला वाटते आहे. प्रत्यक्षात ते दिवसभर दूधच जेवते आहे, आणि ताटावर बसते तेव्हा त्याच्या पोटात जागाच नसते. या साडेनऊशे उष्मांकांबरोबर तंतू (फायबर) शून्य मिळतात. लोहही जवळपास नाहीच: लिटरभर दुधात एक मिलीग्रॅमसुद्धा लोह नसते आणि त्याची रोजची गरज ८ मिलीग्रॅम आहे. शिवाय दुधातले कॅल्शियम आणि केसीन नावाचे प्रथिन इतर अन्नातल्या लोहाच्या शोषणात अडथळा आणतात. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की डॉक्टरांना विचारून त्याचे हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. तो माती किंवा भिंतीचे पोपडे तोंडात घालतो का, लवकर दमतो का, चेहरा फिकट दिसतो का, तेही पाहा.

तंतूंचा हिशेब करताना मुलाच्या वयात पाच मिळवावेत, असा एक सोपा ठोकताळा मोठ्या मुलांसाठी वापरतात. तोच इथे लावला तर सव्वादोन वर्षांच्या मुलाला निदान सात-आठ ग्रॅम तरी मिळावेत. हे अवघड नाही. नागलीच्या किंवा बाजरीच्या भाकरीचा चतकोर, म्हणजे अंदाजे २५ ग्रॅम पीठ, पावणेतीन ग्रॅम तंतू देतो. छोट्या पेरूची अर्धी फोड, बिया काढून, ५० ग्रॅम भरली तरी तिच्यातून तीन-चार ग्रॅम मिळतात. घट्ट वरणाच्या वाटीत २० ग्रॅम डाळ असेल तर तिचे पावणेदोन ग्रॅम. मैद्याचे बिस्किट आणि पांढरा भात यांत मात्र फारसे काही नसते. पेठ-सुरगाण्याकडची नागली आपल्या बाजारात इतकी सहज मिळते की नाशिककरांनी बाहेरून कसल्या पुड्या आणण्याची गरज नाही.

सध्या द्राक्षांचा हंगाम आहे म्हणून एक सूचना. सालीसकट द्राक्षे या मुलांना आवडतात आणि चालतातही, पण अख्खे द्राक्ष घशात अडकून जीव जाऊ शकतो. प्रत्येक द्राक्ष उभे चार भागांत चिरूनच द्यावे, आडवे नव्हे. काळ्या मनुकाही रात्री भिजवून, सकाळी कुस्करून त्याच पाण्यासकट द्याव्यात.

पाण्याबद्दल. १९५७ मध्ये हॉलिडे आणि सीगर या दोन डॉक्टरांनी मांडलेले एक सूत्र अजून रुग्णालयांत वापरतात: पहिल्या १० किलोंसाठी किलोमागे १०० मिली आणि पुढच्या १० किलोंसाठी किलोमागे ५० मिली. १२ किलोंच्या मुलासाठी ते ११०० मिली होते. त्यात पाणी, दूध, ताक, वरणाचे पाणी सगळे आले. आज त्याचे ९०० मिली दुधातूनच जात असल्यामुळे तो पाणी मागत नाही, यात नवल काही नाही. दूध उतरेल तसे पाणी आपोआप चढेल. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा घोट-घोट पाणी आणि पातळ ताक जास्त वेळा पुढे करावे. लघवी फिकट रंगाची होत असेल तर पाणी पुरते आहे असे समजावे. फळांचा रस मात्र दिवसाला १२० मिलीच्या वर नको, आणि चहा अजिबात नको.

दूध एका दिवसात तोडू नका. जेवणाआधीचे फुलपात्र सर्वांत आधी काढा, कारण भूक तेच मारते. आठवड्याला एक फुलपात्र या वेगाने उतरलात तर महिन्याभरात दोन-अडीच फुलपात्रांवर याल. दूध जेवणानंतर किंवा मधल्या वेळी, कपातून, बसवून द्यावे. पहिले काही दिवस तो कमी खाईल, तेव्हा धीर धरावा लागेल आणि घरातल्या सगळ्यांना एकच गोष्ट करावी लागेल.

आजी_पंचवटी

बाळा, तुझ्या सासूबाईंवर रागावू नकोस. आमच्या काळी दूध परवडले नाही म्हणून मुलांना दिले गेले नाही, ती हळहळ मनात राहिलेली असते आणि नातवाला ते भरभरून द्यावेसे वाटते.

आम्ही मुलांना दोन दिवस झाले नाही की विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावत असू, नाहीतर साबणाची बारीक वडी करून. लगेच व्हायचे. बेंबीभोवती हिंगाचा लेप लावायचा आणि महिन्यातून एकदा एरंडेल. माझी तिन्ही मुले त्यावर वाढली. हे उपाय आता वाईट ठरले आहेत का, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे, कारण माझी नात आता वर्षाची होईल.

बालरोग_सिडको

आजी, तुम्ही विचारलेत याचा आनंद झाला. हिंगाचा लेप बाहेरून लावायला माझी हरकत नाही. देठ, साबण आणि एरंडेल यांना मात्र मी नको म्हणेन. देठाने आणि साबणाने आतली नाजूक त्वचा सोलवटते, चुरचुरते. शी लगेच होते हे खरे, पण तिथे काहीतरी घातले जाते याची धास्ती मुलाला बसते. वर पिंपळपार यांनी जे दुष्टचक्र सांगितले आहे, त्यात आपणच आणखी एक फेरा घालतो. एरंडेलाने पोटात जोराचा मुरडा येतो आणि लहान मुलाच्या अंगातले पाणी एकदम कमी होऊ शकते.

गोदाकाठची_आई, तुमच्या मुलाला न तपासता मी औषध किंवा मात्रा सांगणार नाही. ते तुमच्या डॉक्टरांनी वजन पाहून ठरवलेच आहे. सवयीच्या भीतीबद्दल मात्र लिहितो, कारण न उघडलेल्या बाटल्या मी रोज पाहतो. पॉलिइथिलिन ग्लायकॉल किंवा लॅक्टुलोज ही औषधे आतड्याला ढकलत नाहीत. ती मळात पाणी धरून ठेवतात आणि तो मऊ ठेवतात. आतड्याला त्यांची सवय लागत नाही. खरी अडचण उलट दिशेची आहे. चार दिवस मऊ शी झाली की घरचे लोक औषध बंद करतात आणि पंधरा दिवसांनी तेच मूल पुन्हा माझ्यासमोर असते. अनेक आठवडे ताणले गेलेले गुदाशय पूर्ववत व्हायला वेळ लागतो. म्हणून औषध किमान दोन महिने चालते, त्रास पूर्ण थांबल्यावरही महिनाभर राहते आणि मग हळूहळू उतरवले जाते. जुना मळ आत साचून राहिला असेल तर आधी काही दिवस जास्त मात्रा देऊन तो काढावा लागतो. तो असताना कितीही पेरू आणि भाकरी दिलीत तरी पोट फुगण्यापलीकडे काही होणार नाही.

काही मुलांच्या चड्डीला दिवसभर पातळ शी लागत राहते आणि घरी जुलाब समजून डाळिंबाची साल, सुंठ असले काही दिले जाते. ती बहुधा अडकलेल्या मळाच्या बाजूने झिरपणारी शी असते.

पुढीलपैकी काहीही असेल तर घरी प्रयोग न करता तातडीने दाखवावे: जन्मानंतर पहिल्या ४८ तासांत शी झाली नव्हती, त्रास पहिल्या महिन्यापासूनच आहे, पोट खूप फुगते, हिरव्या रंगाच्या उलट्या होतात, वजन वाढत नाही, पायांत अशक्तपणा आहे किंवा गुदद्वाराला चीर नसताना रक्त जाते. तुम्ही सांगितलेला पुसटसा डाग घट्ट मळाने पडलेल्या चिरेचा असण्याची शक्यता जास्त आहे, तरी डॉक्टरांना तो सांगा.

आणि शी-सूचे प्रशिक्षण चालू असेल तर ते सध्या थांबवा. भीती गेल्यावर, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांनी त्याला पाच मिनिटे भांड्यावर बसवा, कारण जेवणानंतर आतडे आपोआप हलते. पाय लोंबकळत असतील तर पायांखाली पाट द्या. मांड्या पोटाकडे आल्या की काम सोपे होते.

ओझरचा_बाबा

माझ्या मुलीची गोष्ट थोडी वेगळी आहे, ती नोंदवून ठेवतो. आम्ही पाण्याच्या मागे लागलो होतो. गजर लावून दर अर्ध्या तासाला पाणी, दिवसाला दीड लिटर. त्याने लघवी वाढली, तिची भूक आणखी मेली आणि शी तशीच राहिली. नंतर डॉक्टरांनी समजावले की पाणी कमी पडत असेल तर ते पुरे करावे, पण गरजेपेक्षा जास्त पाजल्याने मळ मऊ होत नाही, कारण ते जास्तीचे पाणी मूत्रपिंडे बाहेर टाकतात.

तिचा त्रास आठव्या महिन्यात वरचे दूध सुरू केल्यापासून होता आणि अंगावर खाजरे चट्टेही होते. औषध, आहार, सगळे नीट करूनही गुण येईना, तेव्हा डॉक्टरांनी चार आठवडे दूध आणि दुधाचे सर्व पदार्थ पूर्ण बंद करून पाहिले. तिसऱ्या आठवड्यात फरक पडला. याच विषयावरचा इटलीतल्या डॉक्टरांचा १९९८ चा एक अभ्यास त्यांनी मला दाखवला होता: जुनाट बद्धकोष्ठतेच्या ६५ मुलांना गायीच्या दुधाऐवजी सोयाचे दूध दिले, तेव्हा ४४ जणांना आराम पडला. पण ती मुले निवडक होती, नेहमीच्या औषधाने बरी न होणारी होती, हेही डॉक्टरांनी लगेच सांगितले. म्हणून हा प्रयोग कोणी मनाने करू नये. दूध पूर्ण तोडले तर कॅल्शियम आणि प्रथिने कुठून येणार याची व्यवस्था आधी करावी लागते. तुमच्या मुलाचा त्रास दूध वाढल्यावर सुरू झाला, त्यामुळे प्रमाणाचाच प्रश्न असावा असे मला वाटते.

गोदाकाठची_आई (नऊ आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. काय काय झाले ते सांगायलाच हवे.

तुमचे प्रतिसाद वाचून दुसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो आणि मी मुद्दाम सासूबाईंना बरोबर नेले. डॉक्टरांनी मुलाला निजवून पोट तपासले आणि सासूबाईंचा हात हातात घेऊन डाव्या बाजूला, बेंबीच्या खाली, हलकेच दाबला. तिथे टणक गाठोडे लागत होते. ‘आजी, हे सगळे आत साचले आहे, म्हणून त्याला भूक नाही’, एवढेच ते म्हणाले. बाहेर रिक्षात बसल्यावर सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘मी त्याचे पोट भरत होते, आणि ते आधीच भरलेले होते गं.’ त्या दिवसापासून दूध मोजण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले, आणि माझ्यापेक्षा त्या जास्त काटेकोर आहेत.

हिमोग्लोबिन ९.४ आले. या वयात ते ११ च्या खाली नसावे असे डॉक्टरांनी सांगितले. लोहाचे थेंब सुरू आहेत. ते दुधाबरोबर न देता दोन तास अंतर ठेवून, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर देतो. त्यामुळे शी काळपट होते हे आधी कळले नसते तर आम्ही घाबरलो असतो. आहारतज्ज्ञ ताईंनी भिंतीच्या पोपड्यांचे लिहिले होते. बाल्कनीतल्या कुंडीतली माती तो खात होता आणि आम्ही त्याला खोड्या समजत होतो.

मळ मऊ करण्याचे औषध पहिले पाच दिवस जास्त मात्रेत दिले. चौथ्या दिवशी जे बाहेर आले त्यानंतर तो संध्याकाळी स्वतःहून ताटाजवळ येऊन बसला, हे मी कधीच विसरणार नाही. दूध आठवड्याला एक फुलपात्र याच वेगाने उतरवले. दुसरा आठवडा सर्वांत कठीण गेला; दुपारी तो रडून रडून झोपायचा आणि सासूबाई स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभ्या राहायच्या. तिसऱ्या आठवड्यात नागलीची भाकरी वरणात कुस्करून खाऊ लागला. आता सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी दोन फुलपात्रे आणि दुपारी वाटीभर ताक, एवढेच.

एक चूक आमच्याकडून झाली, तीही लिहिते. पाचव्या आठवड्यात सिन्नरला लग्न होते. शी रोज होत होती म्हणून औषध घरीच ठेवले, आणि तिथे तीन दिवस बिस्किटे, जिलेबी आणि पाहुण्यांच्या हातचे दूध. परतलो तेव्हा तो पुन्हा पडद्यामागे टाचा उचलून उभा होता. बालरोग_सिडको यांनी लिहिलेले अक्षरशः तसेच घडले. औषध त्याच रात्री सुरू केले आणि आठवड्याने गाडी रुळावर आली.

पिंपळपार

वाचून फार बरे वाटले. रात्रीचे दूध कसे सोडवलेत ते जरूर लिहा. धाकट्याच्या बाबतीत मी तिथेच अडकले आहे. तो रात्री दोनदा उठून बाटली मागतो.

गोदाकाठची_आई

बाटलीतल्या दुधात दर तीन रात्रींनी थोडे पाणी वाढवत गेलो: आधी पाव भाग, मग निम्मे, मग पाऊण. शेवटी नुसते पाणी उरले तेव्हा दोन रात्री तो चिडला, तिसऱ्या रात्री एकदाच उठला. झोपण्याआधी तासभर त्याला नीट जेवू घातल्याचा उपयोग जास्त झाला असे मला वाटते, कारण तो खरोखर भुकेने उठत होता. दात घासल्यानंतर आता पाण्याशिवाय काही देत नाही. बाटल्या सासूबाईंनी माळ्यावर टाकल्या आहेत.

कालनिर्णयावर दुधाच्या लिटरांशेजारी मी आता शीचीही खूण करते: मऊ झाली तर गोल, घट्ट झाली तर फुली. मे महिन्याच्या पानावर आतापर्यंत दोन फुल्या आहेत आणि दोन्ही ऊन फार होते त्या दिवसांच्या आहेत. डॉक्टरांची पुढची भेट जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे. तोपर्यंत फुली आली नाही तर औषधाची मात्रा पाव भागाने कमी करू असे ते म्हणाले आहेत, आणि हिमोग्लोबिनही तेव्हाच पुन्हा तपासणार आहेत.